तीन पंखांचं विमान आणि दोन सूत

मालकांची मुलगी दुकानात आली की चपला उंबऱ्याच्या बरोबर मधोमध काढायची. एक इकडं, एक तिकडं. गिऱ्हाईक अडखळायचं. मालक "काय गं ही तऱ्हा" म्हणायचे आणि स्वतःच्या पायानं त्या बाजूला सारायचे. मी त्याच दारातून सहा वर्षं ये-जा करत होतो. माझ्या चपला भिंतीला लागून, जोडीनं, टाचा आत. कुणी तसं सांगितलं नव्हतं, आपोआप तशाच निघायच्या.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझं मन काही फार चांगलं दिसणार नाही.

दुकान नारायणगावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. आम्ही फोमचं काम करतो. लग्नाच्या स्टेजवरची नवरा-नवरीची नावं, पहिल्या वाढदिवसाचा कमरेएवढा एकचा आकडा, यात्रेच्या कमानी, जयंतीच्या मिरवणुकीचे देखावे. पुढच्या खोलीत फ्लेक्स छापायचं मशीन, मागं माझं टेबल आणि गरम तार. तार म्हणजे ताणून बसवलेली बारीक तार, तिच्यात करंट सोडला की ती तापते आणि फोममधून लोण्यातून गेल्यासारखी जाते. हात थांबला की तिथं भोक. म्हणून हात थांबवायचा नाही. एवढं एक मला येतं.

मी वाशीम जिल्ह्यातला. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. एकोणिसाव्या वर्षी टोमॅटोचे कॅरेट उचलायला टोळीबरोबर इकडं आलो. महिनाभरात तापानं पडलो, टोळी पुढं नाशिकला निघून गेली, आणि मी ह्या दुकानाच्या पायरीवर उरलो. मालकांनी उचलून आत घेतलं. दवाखाना केला. मालकीणबाईंनी घरातून पेज पाठवली. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "पावण्यांनी काही खाल्लं का?" ते "पावणं" मला तिथं चिकटलं. बरा झालो, झाडू मारायला लागलो, मग चिकटवायला, मग कापायला. माळ्यावर झोपायला जागा मिळाली. तरी मी पावणंच. मालक माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, दुकानातल्या सगळ्यांना अरे-तुरे करतात, पण मला "पावणं, तुमी". सहा वर्षांत मला त्यांनी कधी रागावलं नाही. एकदा मी नवरदेवाच्या नावातली वेलांटी उलटी कापली, लग्न दोन तासांवर आलेलं. तर म्हणाले, "असू द्या पावणं, व्हतं कधी कधी," आणि स्वतः नवीन कापायला बसले.

त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही. माझ्या आईला मी फोनवर तसंच सांगतो. फक्त एक भीती असते. मागं टेबलाशी उभा असलो आणि पुढं मालक कुणाशी हळू आवाजात बोलायला लागले की मला वाटतं, माझंच चाललंय. आता म्हणतील, पावणं, लई दिवस झाले.

त्यांची मुलगी पुण्याला होस्टेलवर राहून इंजिनिअर झाली. गेल्या उन्हाळ्यात शेवटची परीक्षा देऊन घरी आली, नोकरी लागेपर्यंत. आल्या आल्या पिशवीतून काय काय काढून माझ्या टेबलावर ओतलं: अंगठ्याएवढी मोटर, काड्या ओढणारी दोन इवलीशी यंत्रं, प्लास्टिकचा पंखा, बॅटरी आणि दोन दांड्यांचा रिमोट.

"दादा, आपण विमान करायचं," ती म्हणाली. "तीन पंखांचं. एकावर एक एकावर एक."

"तीनच का?"

"एका पंखाचं कॉलेजात सगळेच करतात."

पुढून मालकांचा आवाज आला, "तीन मजली? ग्रामपंचायतीची परवानगी काढली का गं?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. मग काम टाकून मागं आले आणि दाराला टेकून उभे राहिले. मी मोर केला होता, अकरा फुटी, पिसारा हलणारा. तेव्हाही ते बघायला आले होते, पण टेकून उभे नव्हते राहिले. बघितलं, "लई भारी" म्हणाले, गेले. तिचं विमान अजून मोटर आणि पिशवी एवढंच होतं, तर ते अर्धा तास उभे.

मी हे मोजत होतो, असा मी होतो त्या दिवसांत.

तिनं नकाशा मोबाईलवरून उतरवला आणि आमच्याच मशीनवर खऱ्या मापात फ्लेक्सवर छापला. विमानाचा नकाशा लग्नाच्या बोर्डासारखा चकचकीत. तो टेबलावर पसरला आणि आम्ही कामाला लागलो. ती रेघ बघायची, मी तार चालवायचो. पाच एमएमचं पांढरं शीट, पंख चार इंच रुंद, सगळ्यात वरचा दोन फुटांना थोडा कमी, खालचे दोन त्याहून आखूड. बांबूच्या काड्यांचे खांब. पुढच्या कडेला लाल टेप. तिला कापता यायचं नाही, घाई करायची. शीट वाया गेलं की "अरेरे" म्हणायची आणि दुसरं घ्यायची. माझ्या हातून शीट गेलं असतं तर मी त्याचे तुकडे पोत्यात खाली दडवले असते.

आणि ती वाईट नव्हती, हेच तर अवघड होतं. ती "दादा दादा" करायची. चहा आणला तर आधी मला द्यायची. विमान दोन बोटांवर तोलून बॅटरी कुठं ठेवायची हे मी नुसत्या हातानं सांगितलं, तिनं मोजून बघितलं तर नेमकं तिथंच. तर ती ओरडली, "पप्पा, ह्यांचं बोट म्हणजे काटा आहे!" मालक म्हणाले, "मंग! पावणं हायत ते आपलं." त्या वाक्यातलं "आपलं" मी दिवसभर चघळलं आणि "पावणं" गिळलं.

गिऱ्हाईक आलं की मालक ओळख करून द्यायचे. "ही माझी लेक, इंजिनेर." मग माझ्याकडं हात करून, "आन् हे आमचं पावणं." इंजिनेर म्हणताना त्यांची छाती अशी पुढं यायची की शर्टाच्या गुंड्या ताणल्या जायच्या. मी ज्या वर्षी शाळा सोडली त्या वर्षी माझा नंबर वर्गात तिसरा होता. हे इथं कुणालाच माहीत नाही. सांगून करायचं काय. तरी त्या आठवड्यात ते माझ्या तोंडाशी चारदा आलं.

आता झालेल्या चुकीबद्दल सांगतो.

आमच्या दुकानात मापाची एक रीत आहे. फूट म्हणजे आकड्यावर एक काडी, इंच म्हणजे दोन काड्या आणि सूत म्हणजे बारीक गोल. आठ सुतांचा इंच. मालकांचे वडील सुतारकाम करायचे, गोल त्यांचा. मालकांनी तो चिठ्ठ्यांवर चालू ठेवला, आणि त्या चिठ्ठ्यांवर सहा वर्षं माझा हात चालला. आकड्याच्या डोक्यावर गोल दिसला की डोकं विचारत नाही, हात सूत घेतो.

नकाशावर तिन्ही पंखांच्या टोकाशी लिहिलं होतं दोन, आणि दोनाच्या डोक्यावर बारीक गोल.

पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जरा उचललेली असावी लागते, हे तिनं समजावलं होतं. किती, ते नकाशात दिलंय म्हणाली. मी बघितलं. दोन सूत. पाव इंच. मी फोमच्या पाव इंची पट्ट्या कापल्या आणि तिन्ही पंखांच्या पुढच्या कडेखाली बसवल्या.

चिकटवायच्या आधी तिनं विचारलं, "दादा, तिन्हीला दोन दिलेत ना?"

"तिन्हीला दोन," मी म्हणालो.

दोघांचंही खरं होतं.

विमान उडवायला येडगाव धरणाच्या कडेला गेलो. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, तिथं जमीन सपाट पडते, भेगाळलेली, वर कोवळं गवत. दुकानाचा टेम्पो मालकांनी स्वतः चालवला. तरुणपणी त्यांनी बैलगाड्याच्या शर्यती केलेल्या, त्यामुळं कशालाही ते शर्यतीच्या घाटातलंच बोलतात. "चला, पहिली बारी!" म्हणत उतरले. बारी म्हणजे शर्यतीत एका गाड्याची एक धाव. मासे धरणारे दोघंतिघं लांबून येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "काय राव, फवारणीचं हाय का?"

मी विमान डोक्यावर धरलं. मला वाटत होतं, निदान एकदा तरी ती म्हणेल, दादा, तुम्ही उडवता का? कापलं मी, चिकटवलं मी. पण रिमोट तिच्या गळ्यात होता आणि तिच्या अंगठ्यांना त्याची सवय दिसत होती. तिनं मोटर सोडली, विमान माझ्या हातात भुंग्यासारखं थरथरायला लागलं. "सोडा!" म्हणाली. मी सोडलं.

ते गेलं, सरळ गेलं, आणि मग नाक वर करायला लागलं. जास्त, आणखी जास्त, मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोडीसारखं. क्षणभर हवेत थांबलं. मग डाव्या अंगावर पडलं आणि तसंच जमिनीत घुसलं. वरचा पंख मधून मोडला.

सगळं मिळून दहा मोजेपर्यंत.

मालकांचा पारा चढला. मासेवाले बघत होते म्हणूनही असेल. "काय गं हे? आं? चार वर्षं पुण्याला काय पाण्यात घातली? पावण्यानं आठ दिस राबून केलं, तू एका दमात मातीत घातलं! हातात येत न्हाई तर धरायचं कशाला?"

ती तुकडे गोळा करत होती. "माझंच चुकलं," म्हणाली. "जास्त ओढलं मी."

"ओढलं म्हणे! बैल तरी आडवा जातो, ह्यो तर फोम व्हता!"

मी मालकांना म्हणालो, "जाऊ द्या ना, अण्णा." आवाज मऊ काढला. पण आत मला गोड वाटलं. दुपारी डब्यात मेथीची भाजी होती, ती मला त्या दिवशी जशी लागली तशी परत कधी लागली नाही. पावण्यानं राबून केलं. मासेवाल्यांपुढं म्हणाले. तिच्यापुढं म्हणाले.

आणि त्याच्याच खाली दुसरं काहीतरी टोचत होतं, ते मला नंतर कळलं. ती शिव्या खात होती आणि मला त्याचाही हेवा वाटत होता. असं मोकळं तोंड सोडायला माणूस आपलं लागतं. मला ते "असू द्या" म्हणाले असते.

मोडलेलं विमान मागच्या फळीवर गेलं. ती दुकानात यायची, पण तिकडं बघायची नाही. रिमोट खोक्यात घालून वर चिकटपट्टी मारली. चपला मात्र मधोमधच.

सोमवारी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आल्या. वर्गात टांगायला त्यांना फोमचा मोठा कोनमापक पाहिजे होता, अर्धगोल, वर ठळक आकडे. त्यांनी वहीच्या पानावर काढून आणला होता. मी पान घेतलं. शून्य, तीस, साठ, नव्वद, प्रत्येकाच्या डोक्यावर गोल.

मी विचारलं, "बाई, हे नव्वद सूत म्हणजे... सव्वाअकरा इंच होतं. एवढं उंच पाहिजे?"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "सूत कुठलं? अहो, अंश आहेत ते. कोनाचे अंश."

मला अंश माहीत नव्हता असं नाही. सातवीपर्यंत कंपासपेटी होती माझ्याकडं, कोन काढलेत मी. पण ते सगळं एका बाजूला राहिलं आणि हात दुसऱ्या बाजूला. "हो हो, अंश," मी म्हणालो. बाई गेल्या. मी फळीवरून फ्लेक्सचा नकाशा काढला, पसरला. दोन, वर गोल. माझे कान तापले.

बाईंचा कोनमापक आधी पुठ्ठ्यावर काढला आणि मोडक्या विमानाच्या पंखाला लावला. दोन अंश असायला हवेत तिथं साडेतीनच्या वर भरत होते. चार इंची पंखाला दोन अंश म्हणजे एक सूत आणि वर केसभर. मी जवळजवळ दुप्पट उचललं होतं, तेही तिन्ही पंखांना. ते नाक वर करणारच होतं. अंगठे कुणाचेही असते तरी.

आता सांगायला पाहिजे होतं. पुढच्या खोलीत ती फोनवर बोलत होती, मालक बिल लिहीत होते. दहा पावलं. माझ्यानं ती चालवली नाहीत.

का नाही, ते मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं: दुकानातनं काढतील. माळा जाईल. पण खरं कारण ते नव्हतं. "पावण्यानं राबून केलं" हे एवढं एक वाक्य मला मिळालं होतं, आणि ते मला परत द्यायचं नव्हतं.

मंगळवारी मी वरचा पंख नवा कापला. जुन्या पट्ट्या काढून बारीक बसवल्या. ठरवलं, गुपचूप नीट करायचं, रविवारी उडवायचं, उडालं की झालं. बुधवारी तिनं बघितलं. "दुरुस्त करताय? कशाला दादा," म्हणाली, "मला नाही जमत ते." एवढं हळू म्हणाली की मी मान वर केली नाही. तिच्या हातचा चहा प्यालो.

गुरुवारी दुपारी मागच्या खोलीत तिघं जेवायला बसलो होतो. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. मालक म्हणाले, "पावण्यानं इमान परत उभं केलं बग. शिक जरा." ती भाकरीचा तुकडा नुसता फिरवत राहिली.

मी म्हणालो, "अण्णा, ते विमान हिनं नाही पाडलं."

"मंग काय घारीनं पाडलं?"

"मी पाडलं. पट्ट्या चुकल्या. ते अंश होते, मी सूत घेतले. गोल बघून."

मालकांना समजायला थोडा वेळ लागला. मी नकाशा आणून दाखवला. त्यांनी गोलावर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आणि असे हसले की ठसका लागला. "आरं तिच्या! आमच्या बापाचा गोल! कुठं जाऊन पोचला बघा, इमानात! एवढंच व्हय राव? तुमी पण ना. घ्या, भाकरी घ्या अजून."

मी ताट पुढं केलं. देवाशप्पथ, सुटलो असं वाटत होतं, आणि हे एवढंच कसं असंही.

"हसताय काय, पप्पा?"

तिनं घास ताटात टाकला होता.

"मला काय काय बोललात त्या दिवशी? त्या मासेवाल्यांसमोर? चार वर्षं पाण्यात घातली म्हणालात. आणि ह्यानं सांगितलं तर, घ्या भाकरी?"

"अगं, ते पावणं..."

"पावणं काय पावणं! सहा वर्षं झाली!" मग माझ्याकडं वळली. "आणि तू! तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज काय वार आहे?"

"गुरुवार."

"सोमवारपासून माझ्यासमोर बसून चहा पितोयस? तोंड वर करून? मंगळवारी माझा फोनवर इंटरव्ह्यू झाला, माहितीय ना? त्यांनी विचारलं, तुमचं एखादं काम फसलंय का कधी. मी हेच सांगितलं! विमान केलं, उडवता आलं नाही, माझा हात कच्चा. माझ्या तोंडानं! आणि तू इथं मागं बसून पट्ट्या कापत होतास?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलंच! माप चुकलं त्याचं मला काही नाही. माप माझंही चुकतं, मीही बघायला पाहिजे होतं. गप्प बसलास ते!"

मालक मध्ये पडले, "बास कर आता. मोठा हाय तुझ्यापरीस."

"तुम्ही तर बोलूच नका. होस्टेलवर फोन केला की काय सांगायचात? पावण्यांनी कमान केली. पावण्यांनी मोर केला, पिसारा हलतो. मी परीक्षेचं सांगतेय आणि तुम्ही मोराचं सांगताय! मी गेले आणि सहा महिन्यांत माझं टेबल उचलून ह्याला दिलंत. माझ्या अभ्यासाचं टेबल! मला विचारलं?"

मालकांनी भाकरी खाली ठेवली. "आता टेबलाचं कुठं काढलंस..."

मी टेबलाकडं बघितलं. त्याच्या खालच्या बाजूला चांदण्यांचे चिकट कागद होते, अर्धे निघालेले. वायर शोधायला खाली वाकलो की दिसायचे. कुठल्या जुन्या गिऱ्हाइकाच्या लेकराचं टेबल असेल, एवढंच मला वाटायचं. साडेतीन वर्षं मी तिच्या टेबलावर फोम कापत होतो आणि ती तिकडं माझ्या मोराचं ऐकत होती. ती माझ्यावर जळत होती. माझ्यावर! जिला सगळं होतं ती. मला हे पटायला वेळ लागला. हसूही आलं, ते मी पिठल्याबरोबर गिळलं, कारण तिचे डोळे भरले होते.

"टेबल घेऊन जा," मी म्हणालो.

"मला टेबल नकोय!" ती ओरडली. "खुळा आहेस का?"

मालकांनी तिच्या ताटात कांदा फोडून ठेवला. तिनं तो बाजूला सारला, मग थोड्या वेळानं खाल्ला. मालक पुढं जाता जाता दारात थांबले, पाठ आमच्याकडंच ठेवून म्हणाले, "त्या दिशी मी जास्त बोललो." कुणाला म्हणाले ते नीट कळलं नाही. तिनं मानेनं हो केलं, ते त्यांना दिसलं नसणार.

रविवारी सकाळी परत येडगावला गेलो. वारा पडलेला होता, पाण्यावर बगळे. ह्या वेळी मासेवाले नव्हते. तिनं खोक्याची चिकटपट्टी दातानं तोडली. मी विमान धरलं. कोण उडवणार हा प्रश्नच नव्हता, आणि मला तो विचारायचा हक्कही नव्हता.

"सोड," ती म्हणाली.

ह्या वेळी ते गेलं आणि जातच राहिलं. नाक उचललं नाही. सावकाश चढलं, तिन्ही पंख एकावर एक उन्हात पांढरे, लाल कडा. पाण्याच्या वर जाऊन वळलं. वळताना तिन्ही पंख एकदम कलतात, ते बघायला फार छान दिसतं. मीच कापले होते. ते आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा आवाज शिलाई मशीनसारखा आला.

"आरारारा! काय पळतंय!" मालक टोपी काढून नाचायला लागले. "घ्या! आणा गुलाल!"

मी विमान फार बघितलंच नाही. मी मालकांना बघत होतो. आणि मालक विमानाला नाही, तिच्या अंगठ्यांना बघत होते, तोंड उघडं टाकून. एवढं सगळं होऊन गेल्यावरही माझ्या मनात ते आलंच. हेवा काही बोलून निघून जात नाही. फक्त आता मला माहीत होतं की फोनवर मालकांकडून माझ्या मोराचं ऐकताना तिचंही असंच होत असेल.

तिनं दुसरी फेरी घेतली, तिसरी घेतली. मग विमान सरळ रेषेत लावून, नजर वर ठेवूनच, गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला.

"धर," ती म्हणाली. "लवकर. उजवीकडची दांडी पुढं ढकलू नकोस. ढकललीस तर मी काय करीन बघ."

मला भीती वाटत होती. दोन्ही हात पँटला पुसले आणि पुढं केले.